दिव्यांग रोजगार धोरण आणि कार्यक्रम मूल्यमापन: या क्षेत्रात काम करायचं तर नेमकं काय यायला हवं?

(मंचावरची चर्चा. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

तळटीप

नमस्कार. अर्थशास्त्रात एम.ए. झालं आहे, संख्याशास्त्राचे दोन पेपर होते, आर (संख्याशास्त्रासाठीची संगणकभाषा) बऱ्यापैकी येतं. दिव्यांग व्यक्तींच्या रोजगारासाठी जी धोरणं आखली जातात आणि जे कार्यक्रम चालतात, त्यांचा खरंच उपयोग होतो का हे तपासण्याच्या कामात यायचं आहे. चार प्रश्न:

1. या कामात रोज काय करावं लागतं? धोरणाचं काम आणि मूल्यमापनाचं काम यांत फरक किती?
2. बहुतेक अहवालांत 'इतक्या जणांना नोकरी लागली' एवढाच आकडा असतो. त्यावरून कार्यक्रम यशस्वी झाला असं म्हणता येतं का?
3. संख्याशास्त्र कुठवर शिकावं?
4. अनुभव नसताना अर्जासोबत दाखवण्यासारखं काम कोणतं?

मोजपट्टी

पहिल्या दोन प्रश्नांबद्दल लिहितो.

कामं तीन तऱ्हेची असतात, पण जाहिरातींत ती सरमिसळ करून लिहितात. धोरणाकडे बसलात तर कायदे, नियम, परिपत्रकं वाचायची, पर्यायांचा खर्च आणि परिणाम मांडायचा, दोन पानांत टिपण लिहायचं. मॉनिटरिंगमध्ये कार्यक्रम चालू असतानाच्या नोंदी बघायच्या: कोण आलं, कोण गळालं, भेटी वेळेवर झाल्या का. मूल्यमापनात एकच प्रश्न असतो. हा कार्यक्रम नसता तर याच लोकांचं काय झालं असतं? मॉनिटरिंगच्या पदाला मूल्यमापनाचं नाव सर्रास दिलेलं असतं, तेव्हा जाहिरातीत 'तुलना गट' (कार्यक्रमात नसलेले तसेच लोक) किंवा 'परिणाम' असा शब्द कुठे आहे का ते आधी शोधा.

आता नोकरीचा आकडा. काल्पनिक उदाहरण घेऊ. 1,000 जणांची नोंदणी, 640 जणांचं प्रशिक्षण पूर्ण, 400 जणांना नोकरी. अहवालात '62.5 टक्के प्लेसमेंट' छापून येतं, कारण भाजक 640 धरला. नोंदणी भाजक धरली की तेच 40 टक्के होतात. मधले 360 कुठे गेले? त्यांच्यात तीव्र अपंगत्व असलेले, लांबून येणारे, कर्णबधिर असून दुभाषी न मिळालेले जास्त निघाले, तर प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्यांची टक्केवारी कार्यक्रमाबद्दल फारसं काही सांगत नाही. ती कोण टिकू शकलं तेवढंच सांगते.

पुढे चला. सहा महिन्यांनी 400 पैकी 180 जण कामावर आहेत, म्हणजे नोंदणीच्या 18 टक्के. कार्यक्रमात नसलेल्या पण तशाच परिस्थितीतल्या 1,000 जणांपैकी 110 जण त्याच वेळी आपापल्या नोकरीवर असतील, तर कार्यक्रमाचा परिणाम 7 टक्के बिंदू (18 वजा 11), म्हणजे 70 जास्तीच्या नोकऱ्या. एकूण खर्च 400 ने भागला आणि 70 ने भागला, तर दर नोकरीमागचा खर्च पावणेसहापटीच्या आसपास बदलतो. अर्थखात्यापुढे कोणता आकडा ठेवायचा यावरून संस्था आणि मूल्यमापन करणारे यांची सगळ्यात जास्त ओढाताण होते. म्हणून भाजक काम सुरू व्हायच्या आधीच लेखी ठरवून घ्यावा.

'नोकरी लागली' याची व्याख्याही तितकीच काटेकोर हवी. तीव्र मानसिक आजार असलेल्यांसाठीची आयपीएस (इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट: आधी खुल्या बाजारात नोकरी, मग नोकरीवर असताना आधार) पद्धत युरोपातल्या सहा शहरांत तपासली गेली. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत 312 जण होते. 18 महिन्यांत आयपीएस गटातल्या सुमारे 55 टक्के लोकांनी आणि नेहमीच्या पुनर्वसन सेवेतल्या सुमारे 28 टक्के लोकांनी खुल्या बाजारात काम केलं. चाचणी चांगलीच होती, निकालही महत्त्वाचा आहे. पण 'काम केलं' म्हणजे किमान एक दिवस, हे वाचल्याशिवाय तो 55 चा आकडा दुसऱ्या कार्यक्रमाशेजारी ठेवू नका. तिथे व्याख्या 90 दिवसांची असेल तर तुलनाच चुकते.

टिकण्याबद्दल. संस्थांना पैसे निकालावर मिळत असतील तर पैसे मिळण्याचे टप्पे आधी विचारा. ऑस्ट्रेलियाच्या डिसॅबिलिटी एम्प्लॉयमेंट सर्व्हिसेसमध्ये 13 आणि 26 आठवड्यांच्या टप्प्यांवर रक्कम मिळे. अशा रचनेत नोकरीवर किती आठवडे टिकले याचा कॅपलान-मायर आलेख (कोणत्या आठवड्यापर्यंत किती टक्के टिकले ते दाखवणारा) काढायचा आणि टप्प्याच्या लगेच पुढे रेषा एकदम खाली येते का ते बघायचं. आली, तर संस्थेचं लक्ष टप्प्यापुरतं होतं अशी शंका रास्त आहे. निकालावर पैसे देण्यातला दुसरा धोका म्हणजे ज्यांना नोकरी सहज लागेल त्यांनाच हाताशी धरणं आणि बाकीच्यांना नुसतं नावापुरतं ठेवणं. ब्रिटनच्या 2011 च्या वर्क प्रोग्रॅममध्ये अवघड गटांसाठी जास्त रक्कम ठेवूनही हा प्रकार आढळला होता. नोंदीत हे पकडायचं तर गटवार निकालांच्या आधी गटवार भेटींची संख्या बघा. दुर्लक्ष तिथेच पहिल्यांदा दिसतं.

आकडेवही

वर निकालाबद्दल आलंय, मी आधीच्या पायरीबद्दल लिहिते: दिव्यांग कोण, हे कसं मोजलं. सगळ्यात जास्त अहवाल इथेच घसरतात.

भारताच्या 2011 च्या जनगणनेत दिव्यांगांचं प्रमाण 2.21 टक्के आलं. जागतिक आरोग्य संघटनेचा 2022 चा जागतिक अंदाज 16 टक्के आहे. एवढी तफावत मुख्यतः प्रश्न विचारण्याच्या पद्धतीतून येते. 'घरात कोणी अपंग आहे का?' असं विचारलं की लोक नाही म्हणतात. वॉशिंग्टन ग्रुप या दिव्यांगांच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचा छोटा प्रश्नसंच म्हणूनच वापरतात. दिसणं, ऐकणं, चालणं किंवा जिना चढणं, लक्षात ठेवणं किंवा मन एकाग्र करणं, स्वतःची काळजी घेणं आणि संवाद साधणं असे सहा प्रश्न. प्रत्येकाला चार उत्तरं: अडचण नाही, थोडी अडचण, खूप अडचण, अजिबात जमत नाही. एका जरी प्रश्नाला 'खूप' किंवा 'अजिबात' आलं की ती व्यक्ती दिव्यांग धरायची. प्रश्नांच्या आधी प्रास्ताविकात 'अपंगत्व' किंवा 'दिव्यांग' शब्द उच्चारायचा नाही. मुलाखत घेणाऱ्यांना हे दहा वेळा सांगावं लागतं, तरी प्रत्यक्षात कोणीतरी म्हणतंच. हा संच नैराश्य, चिंता अशा मानसिक अडचणी फारशा पकडत नाही, त्यासाठी विस्तारित संच घ्यावा लागतो. 'थोडी अडचण' सुद्धा धरली तर प्रमाण एकदम फुगतं, म्हणून कोणती मर्यादा वापरली ते प्रत्येक तक्त्याखाली लिहायचं.

दुसरा सापळा बेरोजगारीच्या दराचा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 76 व्या फेरीत, म्हणजे 2018 साली, 15 वर्षं आणि त्यापुढच्या दिव्यांग व्यक्तींचा बेरोजगारीचा दर 4.2 टक्के आला. नुसतं हे वाचलं तर परिस्थिती उत्तम वाटेल. त्याच फेरीत श्रमशक्तीतला सहभाग (काम करणारे आणि शोधणारे मिळून) 23.8 टक्के आहे. म्हणजे शंभरातले सुमारे 23 जण कामावर, एखादा काम शोधणारा, आणि 76 जण कामही करत नाहीत आणि शोधतही नाहीत. ज्यांनी शोधणं सोडून दिलं ते बेरोजगारीच्या दरात येतच नाहीत. तेव्हा या क्षेत्रात मुख्य आकडा म्हणून कामाचं प्रमाण घ्या, बेरोजगारीचा दर दुय्यम ठेवा. आणि तुलना करताना वय सांभाळा. दिव्यांग लोकसंख्या सरासरीने वयस्क असते, त्यामुळे 15 ते 64 हा पट्टा घेतला किंवा वयानुसार प्रमाणीकरण (दोन्ही गटांची वयरचना सारखी धरून हिशोब) केलं तरच दोन गटांतला फरक बोलण्यालायक होतो.

तिसरं, नमुन्याचा आकार. समजा सर्वसाधारण श्रमशक्ती सर्वेक्षणात 10,000 प्रौढ आहेत आणि दिव्यांगांचं प्रमाण 2.2 टक्के. हातात राहिले 220 जण. कामाचं प्रमाण 23 टक्के असेल तर सुमारे 50 जण कामावर. साध्या यदृच्छ (चिठ्ठी टाकल्यासारख्या) नमुन्यात 95 टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे अंदाज किती इकडेतिकडे असू शकतो ती, अधिक-उणे 5.6 टक्के बिंदू येते. समूह नमुना (आधी गावं किंवा वस्त्या निवडून मग त्यांतली माणसं) असेल आणि डिझाइन इफेक्ट (त्यामुळे वाढणाऱ्या अनिश्चिततेचा गुणक) 1.5 धरला तर 6.8. एवढ्यात 'ग्रामीण भागातल्या दृष्टिहीन स्त्रिया' असा उपगट काढला तर हाताशी पाच-सात माणसं उरतील. त्यांची टक्केवारी छापूच नये. वरिष्ठ आग्रह धरतात, त्यावर उत्तर म्हणून तक्त्यात प्रत्येक खान्याशेजारी 'n', म्हणजे त्यातल्या माणसांची संख्या, दाखवायची सवय लावा आणि 30 च्या खाली आकडा झाका.

शेवटचा मुद्दा जरा खोल आहे, पण मुलाखतीत हमखास विचारतात. अमेरिकेत 1990 च्या एडीए या दिव्यांगांविरुद्धचा भेदभाव रोखणाऱ्या कायद्यानंतर दिव्यांगांचा रोजगार घटला, असं असेमोग्लू आणि अँग्रिस्ट या अर्थतज्ज्ञांनी 2001 साली मांडलं. त्यावर पुढे बराच वाद झाला. एक प्रमुख आक्षेप मोजणीवर होता. वापरलेल्या सर्वेक्षणात दिव्यांग ओळखण्याचा प्रश्न 'तब्येतीमुळे काम करण्यावर मर्यादा येते का' असा होता. कामाच्या ठिकाणी योग्य सोय मिळून माणूस व्यवस्थित काम करू लागला तर तो याला 'नाही' म्हणू शकतो, आणि दिव्यांगांच्या यादीतूनच बाहेर जातो. मागे राहतात ते काम न मिळालेले. म्हणजे धोरण यशस्वी झालं तरी आकडा खाली दिसू शकतो. ज्या प्रश्नाचं उत्तर नोकरीमुळेच बदलतं, त्या प्रश्नाने दिव्यांगत्व ठरवू नका.

तळटीप

दोघांचेही आभार. तुलना गट कुठून आणायचा हा प्रश्न राहतोच. सेवा नाकारून नियंत्रण गट करणं योग्य आहे का? आणि किती माणसं पुरतात?

उंबरठा

जागा 300 आणि पात्र अर्जदार 900 असतील तर कोणाला तरी सेवा मिळणारच नाही. तिथे चिठ्ठी टाकून निवड करणं ओळखीने निवडण्यापेक्षा न्याय्य आहे. जागा सर्वांना पुरेशा असतील तर नकार द्यायचा नाही. मग प्रतीक्षायादी वापरा, अर्ध्यांना आत्ता आणि अर्ध्यांना बारा महिन्यांनी. यात मोठी अट अशी की परिणाम त्या बारा महिन्यांतच दिसायला हवा, कारण पुढे तुलना गट संपतो. हक्क म्हणून कायद्याने मिळणारी गोष्ट, उदाहरणार्थ कामाच्या ठिकाणची वाजवी सोय, कधीही चिठ्ठीवर टाकायची नाही. तिथे प्रोत्साहनाची रचना करतात: सेवा सगळ्यांना खुली, पण यदृच्छ निवडलेल्या अर्ध्यांना माहिती देणारा फोन आणि अर्ज भरायला मदत.

नमुन्याचा हिशोब. तुलना गटात 25 टक्के लोक कामावर असतील आणि कार्यक्रमाने ते 35 होतील अशी अपेक्षा असेल, तर 80 टक्के पॉवर (खरा परिणाम असल्यास तो दिसण्याची शक्यता) आणि 5 टक्के सार्थकता पातळीला (परिणाम नसताना तो चुकून दिसण्याची शक्यता) प्रत्येक गटात सुमारे 330 माणसं लागतात. शेवटच्या फॉलोअपपर्यंत 20 टक्के हरवतील असं धरलं की प्रत्येकी 412, म्हणजे एकूण सव्वाआठशे. कार्यक्रमाने 25 चे 35 ऐवजी 30 च होतील अशी अपेक्षा धरली तर प्रत्येक गटात सुमारे 1,250. आता खरी गोम: ज्यांना सेवा देऊ केली त्यातल्या निम्म्यांनीच ती घेतली, तर 10 बिंदूंचा परिणाम 5 वर येतो आणि लागणारा नमुना जवळजवळ चौपट होतो. बहुतेक अभ्यास इथे मरतात. अर्ज करणारे आणि खरोखर येणारे यांच्यातली गळती छोट्या पायलटमध्ये आधी मोजा, मगच आकार ठरवा.

कमी वापराचं मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकेतला बाँड प्रयोग. सोशल सिक्युरिटीचा अपंगत्व भत्ता घेणाऱ्याची कमाई, सवलतीचे महिने संपल्यावर, ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की अख्खा भत्ता बंद होतो. म्हणून लोक मर्यादेच्या आत राहतात, असा समज होता. 2011 पासून 10 ठिकाणी यदृच्छ निवडलेल्यांना वेगळा नियम लागू केला: मर्यादेपुढच्या दर 2 डॉलर कमाईमागे भत्त्यातून फक्त 1 डॉलर कापायचा. सरासरी कमाई वाढल्याचं आढळलं नाही, भत्त्यांवरचा खर्च मात्र वाढला. सवलत मिळू शकणाऱ्यांपैकी फार थोडे लोक तिथवर पोचले. कागदावर प्रोत्साहन बरोबर असून चालत नाही; ते किती जणांच्या आयुष्यात लागू होईल हे आधी बघावं लागतं.

चिठ्ठी शक्य नसेल तर तीन मार्ग, आणि प्रत्येकात एक खड्डा.

आधी-नंतर तुलना एकटी कधीच करू नका. लोक नोकरी गेल्यावर, म्हणजे कमाई तळाला असताना कार्यक्रमात येतात. काही न करताही त्यातले बरेच वर येतात. प्रवेशाच्या आधीच्या निदान चार तिमाहींची कमाई मिळाली तर हा खळगा आलेखावर स्वच्छ दिसतो.

डिफरन्स-इन-डिफरन्स (आधी-नंतरचा बदल दोन्ही गटांत मोजून त्यांतला फरक काढणं) करायचं तर दोन्ही गटांची आधीची चाल समांतर आहे हे दाखवावं लागतं. दोन वेळचे आकडे घेऊन समांतर म्हणणं चालत नाही.

मर्यादारेषेच्या अलीकडच्या-पलीकडच्यांची तुलना या क्षेत्रात मोहात पाडते, कारण इथे रेषा भरपूर आहेत. ऑस्ट्रियात दर 25 बिगर-दिव्यांग कर्मचाऱ्यांमागे एक दिव्यांग कर्मचारी ठेवावा लागतो, नाहीतर कर भरावा लागतो. त्या आकड्याच्या दोन्ही बाजूंच्या कंपन्यांची तुलना करून संशोधकांनी कराचा परिणाम मोजला. पण कंपनी मुद्दाम 24 वर थांबत असेल तर? भारतात लाभासाठी 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. तपासणाऱ्याला रेषा माहीत असते, त्यामुळे 38-39 ऐवजी 40 लिहिलं जाण्याची शक्यता राहते. म्हणून पहिला आलेख नेहमी वारंवारतेचा काढा. रेषेवर ढीग दिसला तर ही पद्धत तिथेच सोडून द्या.

संख्याशास्त्र कुठवर, याचं उत्तर यातच आहे: भारित सर्वेक्षणाचं विश्लेषण (प्रत्येक नोंद किती लोकांच्या वतीने आहे ते धरून), लॉजिस्टिक रिग्रेशन (हो-नाही निकालांसाठीचं), टिकण्याचं विश्लेषण, पॉवरचा हिशोब, आणि या तीन पद्धती. मशीन लर्निंगचा कोर्स नंतर केला तरी चालेल.

कलम_उपकलम

धोरणाकडे कोणी वळलं नाही म्हणून थोडं.

नियम वाचताना चार गोष्टी शोधायच्या: बंधन कोणावर, मोजायचं कोणाला, मोजायचं कसं, आणि न पाळल्यास काय. भारताच्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 4 टक्के आरक्षण सरकारी आस्थापनांपुरतं आहे. खासगी क्षेत्रासाठी प्रोत्साहनाची तरतूद आणि समान संधी धोरण जाहीर करण्याचं बंधन आहे, ठरावीक टक्का ठेवण्याची सक्ती नाही. जर्मनीत 20 किंवा जास्त जागा असलेल्या खासगी मालकालाही 5 टक्के जागांवर दिव्यांग ठेवण्याचं बंधन आहे आणि कमी पडल्यास महिन्यांच्या हिशोबाने भरपाई द्यावी लागते. दोन्हींना 'कोटा' म्हणून एकाच तक्त्यात टाकणारी टिपणं मी परत पाठवते.

'मोजायचं कसं' हा भाग तर फारच दुर्लक्षित. जपानमध्ये एप्रिल 2024 मध्ये खासगी कंपन्यांसाठीचा कोटा 2.5 टक्के झाला. पण तीव्र अपंगत्व असलेली पूर्णवेळ व्यक्ती दोन म्हणून मोजतात आणि आठवड्याला 20 ते 30 तास काम करणारी सर्वसाधारणपणे अर्धी. म्हणजे प्रसिद्ध झालेली टक्केवारी माणसांची नसून गुणांची आहे. तिथेच 2018 साली उघड झालं की केंद्रीय मंत्रालयांनी प्रमाणपत्र न तपासता तीन हजारांहून अधिक लोक दिव्यांग म्हणून मोजले होते. ज्याने पाळायचं त्यानेच मोजायचं आणि कोणी तपासायचं नाही, अशी रचना दिसली की टिपणात पडताळणीची पद्धत स्वतंत्र परिच्छेदात सुचवा: किती टक्के नोंदी, कोण, वर्षातून किती वेळा.

पायाभूत मजकूर म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारातलं काम आणि रोजगाराबद्दलचं कलम 27 आणि त्यावरची 2022 ची सर्वसाधारण टिप्पणी क्रमांक 8 मुळातून वाचा. संरक्षित कार्यशाळांतून (फक्त दिव्यांगांसाठी वेगळ्या चालवलेल्या) खुल्या बाजाराकडे जाण्याची भूमिका त्यात स्पष्ट आहे. मूल्यमापनावर याचा थेट परिणाम होतो: कार्यशाळेतली जागा 'रोजगार' म्हणून मोजायची की वेगळ्या रकान्यात, हे ठरवावं लागतं. माझं मत, नेहमी वेगळ्या रकान्यात.

सांधेजोड

माहिती गोळा करण्याबद्दल कोणीच बोललं नाही, आणि तिथे चुकलं तर वरचं सगळं गणित वाया.

फोनवरून सर्वेक्षण केलं की कर्णबधिर लोक गळतात, किंवा घरातलं दुसरं कोणीतरी उत्तर देतं. दुसऱ्याने दिलेलं उत्तर रोजगाराच्या बाबतीत बऱ्यापैकी चालतं, पण 'काम करायची इच्छा आहे का' या प्रश्नाला अजिबात चालत नाही. फॉर्ममध्ये 'उत्तर कोणी दिलं' हा रकाना सक्तीचा ठेवा आणि विश्लेषणात ती उत्तरं वेगळी काढून बघा. सांकेतिक भाषेत प्रश्न आधी व्हिडिओवर रेकॉर्ड करून घ्या, म्हणजे प्रत्येक दुभाषी आपापल्या परीने प्रश्न बदलणार नाही; आणि तो व्हिडिओ बघून दुसऱ्याने उलट भाषांतर केलं की अर्थ कुठे सरकला ते कळतं. ऑनलाइन फॉर्ममधले जाळीचे प्रश्न, म्हणजे आडव्या-उभ्या रकान्यांत गोल भरायचे, आणि सरकपट्टी स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) फार त्रास देतात. एका पानावर एक प्रश्न आणि साधे पर्याय ठेवा. बौद्धिक अपंगत्व असेल तर संमतीपत्र सोप्या भाषेत, चित्रांसह, आणि सही घेण्याआधी 'तुम्हाला काय समजलं ते सांगा' असं विचारून खात्री करायची. पालकांनी सही केली म्हणून त्या व्यक्तीचा नकार बाजूला ठेवता येत नाही. या सगळ्याचा खर्च अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवा. 'इतर' मध्ये ढकललेला खर्च पहिल्यांदा कापला जातो.

निकाल शून्य आला तर पद्धत चुकीची होती की ती नीट राबवलीच नाही, हे सांगता यायला हवं. आयपीएससाठी 25 बाबींची तपासणीसूची आहे, कमाल 125 गुण. 100 ते 114 म्हणजे चांगली अंमलबजावणी, 115 पासून पुढे उत्कृष्ट, 74 च्या खाली असेल तर ती सेवा आयपीएस म्हणताच येत नाही. एका कार्यकर्त्याकडे 20 पेक्षा जास्त माणसं नसावीत, पहिल्या 30 दिवसांच्या आसपास मालकांशी संपर्क व्हावा, इतक्या नेमक्या गोष्टी त्यात मोजतात. तुमच्या कार्यक्रमासाठी अशी सूची नसेल तर दहा बाबींची स्वतः बनवा, पण निकाल हाती येण्याआधी.

आणि दिव्यांगांच्या स्वतःच्या संघटनांना प्रश्नावली छापून झाल्यावर 'अभिप्रायासाठी' पाठवू नका. कोणता परिणाम मोजायचा हे ठरवतानाच त्यांना मानधन देऊन बसवा. पगारापेक्षा ये-जा, स्वच्छतागृह आणि बढती हे मुद्दे तिथेच पुढे येतात, आणि नोकरी सुटण्याची कारणं बऱ्याचदा त्यातच असतात.

उजळणी

मी स्क्रीन रीडर वापरतो आणि याच क्षेत्रात यायचा विचार आहे. आलेख न बघता हे काम होतं का?

आकडेवही

होतं. आर आणि स्टाटा (असंच दुसरं संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर) दोन्ही आज्ञा लिहून चालतात, त्यामुळे मेन्यूवर अवलंबून राहायची गरज नाही. आरस्टुडिओत (आर वापरण्याचं नेहमीचं सॉफ्टवेअर) स्क्रीन रीडरचा पर्याय अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावा लागतो. ब्रेलआर नावाचं आरचं पॅकेज हिस्टोग्राम, बॉक्सप्लॉट वगैरेंचं वर्णन मजकुरात देतं. उंबरठा यांनी सांगितलेला रेषेवरचा ढीग तर वारंवारतेच्या तक्त्यातही कळतो: 38, 39, 40, 41 समोरचे आकडे वाचले की पुरे. अडचण इतरांकडून येणाऱ्या स्कॅन केलेल्या पीडीएफची आणि एकत्र केलेल्या खान्यांच्या एक्सेल तक्त्यांची असते. रुजू होतानाच लेखी मागा की माहिती सीएसव्हीमध्ये (साध्या मजकुरातला तक्ता) आणि कागदपत्रं टॅग केलेल्या, म्हणजे स्क्रीन रीडरला नीट वाचता येणाऱ्या, पीडीएफमध्ये मिळावीत.

मोजपट्टी

चौथा प्रश्न राहिला. अर्जासोबत तीन छोटी कामं जोडा.

पहिलं, खुल्या सर्वेक्षणाच्या व्यक्तिनिहाय नोंदींवरून केलेला एकच तक्ता: दिव्यांग आणि इतर, 15 ते 64 वयोगट, स्त्री-पुरुष, कामाचं प्रमाण, विश्वासमर्यादेसह. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 76 व्या फेरीच्या नोंदी उपलब्ध आहेत. भार (एक नोंद किती लोकांच्या वतीने आहे तो गुणक) लावून आलेला आकडा प्रसिद्ध अहवालातल्या आकड्याशी जुळवून दाखवा. आधी त्यांच्याच वयोगटात जुळवायचं, मग आपला पट्टा घ्यायचा. तो जुळला नाही तर बहुतेक वेळा भाराचा गुणक तरी चुकलेला असतो किंवा अहवालातल्या 'नेहमीची स्थिती' (गेल्या वर्षभरातली कामाची स्थिती) ऐवजी कामाची दुसरी व्याख्या घेतलेली असते. कोड सोबत द्या, दुसऱ्याने चालवला तर चालला पाहिजे.

दुसरं, एखाद्या प्रसिद्ध मूल्यमापनाचं दोन पानी परीक्षण. निष्कर्ष परत सांगू नका. भाजक कोणता, नोकरीची व्याख्या काय, तुलना गट कसा आला, किती जण हरवले आणि दोन्ही गटांत सारखेच हरवले का, एवढंच लिहा.

तिसरं, एका कायद्यातल्या एका तरतुदीवर दोन पानी टिपण. शेवटी एकच शिफारस, तिचा खर्च कोणाच्या खात्यातून जाईल आणि ती पाळली गेली हे कशावरून कळेल.

सुरुवातीची पदं रिसर्च असोसिएट, मूल्यमापन अधिकारी, डेटा विश्लेषक अशा नावांनी येतात. सांख्यिकी कार्यालयं, सरकारी विभाग, संशोधन संस्था, आंतरराष्ट्रीय संघटना आणि दिव्यांगांच्या संघटना ही मुख्य ठिकाणं. निवडीत बहुधा दोन-तीन तासांची चाचणी असते. पाचशे-सातशे नोंदींची बिघडलेली फाइल देतात: एकच व्यक्ती दोनदा, नोकरी लागल्याची तारीख नोंदणीच्या आधीची, अपंगत्वाचा प्रकार तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांत, फॉलोअप न झालेल्यांसमोर 0. हा शेवटचा 0 सगळ्यात घातक. तो 'नोकरी नाही' म्हणून धरला की निकाल खाली जातो, ओळच गाळली की वर जातो. दोन्ही टोकं धरून दोनदा हिशोब करा, दोन्ही उत्तरं द्या आणि ओळ न पुसता वेगळ्या रकान्यात 'संपर्क झाला नाही' अशी खूण करा.